चिखलावरचा बोया

जागा विचारायची नाही आणि सांगायची तर मुळीच नाही, एवढं शास्त्र त्या बंदरावरच्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं. कुणाच्या लेकीचं कुठे जमतंय, कुणाचं पोट कशानं बिघडलंय, कुणी बायकोचा मार खाल्ला, हे सगळं धक्क्यावर मोठ्यानं बोललं जायचं. पण होडी भरून मासळी आणणाऱ्याला "कुठे मिळाली रे?" असं विचारलं, की तो म्हणायचा, "समुद्रात." आणि विचारणाराही हसून पुढे जायचा, कारण उद्या त्याच्यावरही तीच वेळ येणार असायची.

म्हाताऱ्या तांडेलाच्या घराची जागा म्हणजे एक खडक होता. तळाच्या चिखलात एकटाच उभा. त्याच्या कपारींत शेवंडी राहायच्या, लांब मिशांच्या, दगडाच्या रंगाच्या, आणि लिलावात त्याच आधी उचलल्या जायच्या. हा खडक तांडेलाला त्याच्या बापानं दाखवला होता, तोही अगदी मरायला टेकल्यावर, होडीत पाठीला उशी लावून. तांडेलानं तो आपल्या मुलाला दाखवला, ब्र काढायचा नाही अशी शपथ घालून. बायकोला दाखवला नाही, लेकींना दाखवला नाही, सुनेचा तर प्रश्नच नव्हता.

पण मोसमाच्या तोंडावर मुलाचा हात जाळं ओढायच्या रहाटात सापडला. मनगटाचं हाड मोडलं, हात प्लास्टरमध्ये गेला आणि होडीवर दुसरा माणूस हवा झाला. बाहेरचा घ्यावा तर तो जागा बघणार. तांडेलानं दोन-तीन दिवस स्वतःच्याच मिशा ओढल्या आणि शेवटी सुनेला होडीवर घेतलं.

समुद्रावर खुणा नसतात, खुणा किनाऱ्यावर असतात. किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एकामागे एक आल्या की एक रेघ झाली, दुसऱ्या अंगाला आणखी दोन तशाच आल्या की दुसरी रेघ, आणि या दोन रेघा जिथे एकमेकींना कापतात तिथे खाली तुमची जागा. म्हणून खडक जवळ आला की तांडेल होडी वळवून तिचं तोंड किनाऱ्याकडे करायचा, स्वतः मागे सुकाणूवर उभा राहायचा आणि सुनेला समोर बसवायचा, त्याच्याकडे तोंड आणि किनाऱ्याकडे पाठ.

"बाबा, मान आखडते असं बसून," ती एकदा म्हणाली.

"आखडू दे. वळली नाही म्हणजे झालं."

तिला राग आला होता. घरातलं पीठ, मीठ, सगळ्यांची दुखणीखुपणी तिच्या हाती दिलेली, आणि समुद्रावर मात्र ती चोर. पण म्हातारा एक गोष्ट विसरला. किनारा तिच्या पाठीमागे असला तरी त्याचं तोंड तिच्या समोर होतं. तो आधी तिच्या उजव्या खांद्यावरून बघायचा आणि डोळे बारीक करायचा. मग डाव्या खांद्यावरून बघायचा, होडी थोडी सरकवायचा, पुन्हा बघायचा. आणि एका क्षणी त्याचा जबडा सैल पडायचा. तोच खडक. परतताना तिचंही तोंड किनाऱ्याकडे असायचं, तेव्हा ती डावीउजवीकडे काय काय आहे ते बघून घ्यायची. डावीकडे पाण्याची उंच टाकी होती, ती बर्फाच्या कारखान्याच्या छपरावर येत असणार. उजवीकडे टेकडीची खाच आणि तिच्याखाली दवाखान्याची पांढरी भिंत. तिनं हे कुणाला सांगितलं नाही. सासरच्या माणसांचे चेहरे वाचणं ही सुनांची जुनी विद्या आहे, तिची जाहिरात करायची नसते.

त्याच मोसमात ते जहाज आलं. तळाची काळी रेती उपसायला. त्या रेतीत कसलासा धातू असतो म्हणे, त्याची चाचणी करायची होती. जहाजाच्या पोटातून एक जाडजूड नळी खाली जायची, रेती ओढून घ्यायची आणि उरलेलं गढूळ पाणी परत समुद्रात सोडायची. बंदरावरच्यांनी त्याचं नाव 'सोंड' ठेवून टाकलं. सोंडेला सगळ्यांनीच विरोध केला, बंदर बंद ठेवलं, मासेमारी खात्याच्या कचेरीपुढे उन्हात बसून बायकांनी घसे कोरडे केले. त्यातून एक गोष्ट पदरात पडली. जिथे मासेमारीची जागा असेल तिथे उपसा करायचा नाही. प्रत्येक घराला खात्यानं एक पिवळं पिंप दिलं, त्यावर काठी आणि काठीला झेंडा. हा बोया ज्यानं त्यानं आपल्या जागेवर नांगरून यायचं. खात्याची लाँच फिरून बोये बघणार आणि सोंड त्यांच्यापासून लांब राहणार.

एवढं सरळ होतं ते.

बोया सोडायला तांडेल आणि सून निघाले. पिंपाच्या दोरीला दगड बांधताना तिची बोटं सोलली होती, त्यावर खारं पाणी चुरचुरत होतं. होडी निघाली ती भलतीकडेच. टाकी कारखान्यापासून लांब राहिली. तांडेलानं तिला पाठ करून बसायलाही सांगितलं नाही, आणि त्यावरूनच तिला कळलं.

"इथे सोडायचा?" तिनं विचारलं.

"हो, ढकल."

"बाबा, खाली चिखल आहे."

"तुला काय ठाऊक खाली काय आहे ते?" तांडेलानं चमकून बघितलं.

"सहज म्हटलं."

तांडेल गालात हसला. त्याला स्वतःचंच कौतुक वाटत होतं. "अगं वेडे, खऱ्या जागेवर झेंडा लावायचा म्हणजे सगळ्या बंदराला आमंत्रण द्यायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. बोया सोडला की खात्याचं समाधान, आणि खडक आपल्यापाशी. एवढा मोठा समुद्र पडलाय, सोंड काय नेमकी आपल्याच खडकावर येते?"

तिनं पिंप ढकललं. दगड बुडाला, दोरी सळसळत गेली, झेंडा दोनदा आडवा होऊन उभा राहिला. परतताना वाटेत दुसऱ्या होड्या भेटल्या. सगळेच बोये सोडून येत होते आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर तेच हसू होतं, शेजाऱ्याला चकवल्याचं. सुनेनं मागे वळून चिखलावरच्या आपल्या झेंड्याकडे बघितलं.

सोंड कामाला लागली आणि बंदराची झोप उडाली. तिचा घरघराट पाण्यावरून यायचा, जमिनीतून यायचा. चुलीजवळच्या हंड्यावर हात ठेवला तरी थरथर लागायची. सासू पहिले काही दिवस हंडा सारखा जागा बदलून ठेवून बघत होती.

पहिला दणका बसला तो भोंग्याला. भोंगा म्हणायचे कारण तो कुजबुजला तरी धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचं. तांडेलाचं आणि त्याचं जुनं वैर. खडकाचा पत्ता काढायला भोंग्यानं वर्षानुवर्षं तांडेलाचा पाठलाग केला होता. एकदा तर तांडेलानं त्याला दिवसभर उजाड पाण्यावर फिरवलं, स्वतःही रिकाम्या हातानं परतला, आणि घरी येऊन न जेवता हसत बसला. डिझेल जळलं त्याचं काही नाही, भोंग्याचंही जळलं ना, झालं तर मग.

त्या भोंग्याची होडी एका सकाळी धक्क्याला लागली आणि त्यानं आवाज दिला नाही. जाळं वर घेतलं ते राखाडी गाळानं माखून. कोळंबी होती, पण अर्धमेली, कल्ल्यांत गाळ भरलेला. त्याची बायको बादल्यावर बादल्या ओतून ती धूत राहिली. घेणारे यायचे, बोटानं एखादी उलटी करून बघायचे आणि पुढे सरकायचे. सून शेजारीच शेवंडींच्या टोपलीवर ओलं पोतं घालत होती. तिला त्या बाईच्या तोंडाकडे बघवेना.

"काय रे भोंग्या," बर्फवाला म्हणाला, "तुझा बोया तर तिकडे लांब, दक्षिणेला. सोंड उत्तरेला. मग तुझ्या जाळ्यात गाळ आला कुठून?"

धक्क्यावर हशा पिकला. एरवी भोंग्यानं बर्फवाल्याच्या सात पिढ्या उद्धारल्या असत्या. आज तो जाळ्याची गाठ सोडवत राहिला. सोंडेनं माझी जागा खाल्ली म्हणून ओरडावं, तर बोया तिथे नव्हता. बोया खोटा म्हणावं, तर स्वतःचं तोंड स्वतःच काळं करायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार होता तो.

हसणाऱ्यांचं हसूही फार टिकलं नाही. एकेकाच्या जाळ्यात तोच राखाडी गाळ येऊ लागला, एकेकजण गप्प होऊ लागला. बंदरावर माणसं एकमेकांच्या टोपल्यांत चोरून डोकावत होती. सोंड कुणाच्या वाटेला जात नव्हती, सगळ्या झेंड्यांना वळसा घालून ती अगदी प्रामाणिकपणे आपलं काम करत होती. यांनीच रिकाम्या चिखलाला पहारे लावले होते आणि भरलेली घरं उघडी टाकली होती.

तांडेल आता घरात ठरेना. उंबऱ्यावर बसायचा, उठायचा, धक्क्यावर जाऊन सोंडेकडे बघून यायचा, पुन्हा बसायचा. जेवताना घास तोंडाशी नेऊन ऐकत राहायचा. एका दुपारी खडकावरून ओढलेल्या शेवंडी त्यानं हातात घेऊन उजेडात धरल्या. मिशांवर राखाडी पूड बसली होती. त्यानं ती अंगठ्यानं पुसली, पुन्हा पुसली, आणि सुनेला म्हणाला, "वाऱ्यानं आली असेल." सुनेनं टोपलीवर पोतं ओढलं. पाण्याच्या तळाशी कुठला आलाय वारा?

मग खात्याच्या अधिकारी बाईंनी लिलावाच्या शेडमध्ये सगळ्यांना बोलावलं. बाई थकलेल्या होत्या, चपलांना चिखल, आवाज बसलेला. खुर्ची दिली तरी त्या उभ्याच राहिल्या.

"जहाजाची कंपनी मला काय म्हणते माहीत आहे?" त्या म्हणाल्या. "म्हणते, यांच्या झेंड्यांखाली आम्ही तपासलं, मासा नाही की काही नाही. यांना जागाच नाहीत, हे उगाच अडवतात. मी काय उत्तर देऊ?"

शेडमध्ये माशा घोंगावत होत्या. मच्छीमार सोसायटीचे चिटणीस छपराकडे बघत होते, कारण त्यांचाही बोया चिखलावरच होता.

"मी काही तुमच्यावर खटला भरायला आले नाही," बाई म्हणाल्या. "बोया हलवता येतो. पण आता नुसत्या शब्दावर नाही. उद्या उजाडल्यावर माझी लाँच येईल. ज्याला हलवायचाय त्यानं माझ्यासमोर, बाकीच्या होड्यांच्या साक्षीनं हलवायचा आणि तळ दाखवायचा. परवा सोंड पुढच्या पट्ट्यात शिरणार आहे. एकदा शिरली की माझ्या हातात काही नाही."

पुढचा पट्टा म्हणत त्यांनी हात केला तो टाकीच्या रेषेत समुद्राकडे. सुनेनं सासऱ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

घरी ताटं वाढली गेली पण कुणी जेवेना. नवरा डाव्या हातानं भात चिवडत होता.

"बाबा, उद्या बोया हलवू या," सून म्हणाली.

"हलवायला तो तुझ्या बापाचा आहे?"

"अहो, तिच्या बापाला कशाला मध्ये आणता?" सासू म्हणाली.

"बाकीच्या होड्यांच्या साक्षीनं म्हणे!" तांडेलानं ताट सारलं. "ज्यांच्यापासून जन्मभर लपवलं त्यांनाच बोलावून दाखवू? भोंग्याला हाताला धरून नेऊ? एकदा दाखवली की ती जागा आपली राहिली नाही."

"आणि सोंडेनं ओढली की ती कुणाचीच राहणार नाही," सून म्हणाली. तिचा आवाज चढला आणि तिचं तिलाच नवल वाटलं.

"सूनबाई! तुला जागा ठाऊक नाही, तू मध्ये बोलू नको."

आता सासूनं हातातला डाव खाली ठेवला. "मलाही नाही ठाऊक. या घरात आले तेव्हापासून त्या खडकाचं खाल्लं, त्यावर पोरं वाढवली, लेकी उजवल्या. पण तो आहे कुठे हे मला कधी सांगितलंत? मी काय ते भोंग्याला विकणार होते?"

तांडेल बायकोकडे बघतच राहिला. हा प्रश्न तिनं कधी विचारला नव्हता. तो उठला, हात न धुताच आतल्या खोलीत गेला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

पहाटे होडीची वेळ झाली तरी तो उठला नाही. "अंग मोडलंय," एवढंच म्हणाला. सुनेनं शिशाचा गोळा घेतला, दोरीचं भेंडोळं घेतलं, कपडे धुवायच्या साबणाचा तुकडा घेतला. नवरा दारात उभा होता.

"तुम्ही येता का? इंजिनाला हात लागेल."

"अगं, मला शपथ आहे."

"तुम्हाला आहे. मला कुणी कधी काही सांगितलंच नाही, तर मी मोडणार कुठली शपथ?"

नवऱ्यानं डोकं खाजवलं, आत वडिलांच्या खोलीकडे बघितलं, आणि चपला घातल्या.

आधी त्यांनी चिखलावरून आपला बोया उचलला. दोरी ओढताना सुनेच्या सोललेल्या बोटांना पुन्हा रक्त आलं. मग ती सुकाणूवर उभी राहिली. मागे खात्याची लाँच, तिच्यामागे बंदरावरच्या होड्या. साक्षीला म्हणून आलेले, पण सगळ्यांच्या डोळ्यांत एकच भूक होती, तांडेलाचा खडक बघायची. भोंगा सगळ्यात पुढे. पलीकडे सोंड उभी होती, तिच्याभोवती पाणी दुधाळ झालं होतं, आणि तो दुधाळपणा इकडे सरकताना दिसत होता.

आज किनारा तिच्यासमोर होता. टाकी हळूहळू कारखान्याच्या छपरावर आली, बरोब्बर बसली. आता उजवीकडे. खाचेखाली पांढरी भिंत आली तशी तिनं इंजिन मंद केलं, गोळ्याच्या बुडाच्या खळगीत साबण दाबला आणि गोळा सोडला. तळाला खडक असला की साबण ठेचून येतो. दोरी थांबली, तिनं ओढून घेतली.

साबण काळा झाला होता. निव्वळ चिखल.

"पुन्हा एक खोटी जागा वाटतं!" एका होडीतून कुणी तरी म्हणालं.

तिनं होडी थोडी सरकवली आणि पुन्हा गोळा टाकला. पुन्हा चिखल. आता उघड उघड हसू येऊ लागलं. लाँचवरच्या बाईंनी घड्याळ बघितलं नाही, पण ओठ घट्ट मिटले. सुनेच्या कानशिलांवर घाम आला. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर तिनं डावी रेघ नीट वाचली होती, उजवी चुकली होती. त्या बाजूला काहीही असू शकत होतं, भिंत, झाड, घर, खांब. आपण सगळ्या बंदरासमोर सासऱ्याचं नाक कापलं आणि हाती चिखल घेऊन बसलो, असं तिला वाटलं. तिनं साबणावरचा चिखल अंगठ्यानं पुसून काढला.

नवरा समोर बसला होता, प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन. शपथ तोंडाची होती. त्यानं फक्त पाय लांब केला, आणि पायाच्या अंगठ्यानं सुकाणूचा दांडा हळूच दाबून धरला.

होडी वळली. टाकी छपरावरच राहिली. उजवीकडे पांढरी भिंत मागे सरली, आणि वाळलेल्या एका झाडाचा शेंडा खाचेत येऊन बसला. नवऱ्यानं पाय काढून घेतला आणि तो पाण्याकडे बघू लागला.

तिनं गोळा सोडला. ठक्. दोरीतून तळहाताला धक्का बसला. साबण वर आला तो चेचलेला, त्यात शिंपल्याची कपची रुतलेली. तिनं तो बाईंपुढे धरला. बाईंनी तो हातात घेतला, बघितला, आणि साक्षीच्या होड्यांकडे वळवून दाखवला.

"सोडा बोया," त्या म्हणाल्या.

नवराबायकोनं मिळून पिंप ढकललं. झेंडा उभा राहिला. होड्यांवर कुणाचंच लक्ष झेंड्याकडे नव्हतं. सगळे मान वळवून किनाऱ्याकडे बघत होते, टाकीकडे, झाडाकडे, आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत त्या दोन रेघा उतरत होत्या. सुनेला कळत होतं की आपण घरातली वस्तू रस्त्यात ठेवली आहे. ती परत आत नेता येणार नव्हती.

मग चिटणीसांच्या होडीचं इंजिन सुरू झालं. "चला," ते कुणाकडेच न बघता म्हणाले, "माझी जागा टेकडीच्या पलीकडे आहे." त्यांच्यानंतर दुसरा निघाला, मग तिसरा. दिवसभर तो तांडा या जागेवरून त्या जागेवर फिरत राहिला. आजोबा-पणजोबांनी लपवलेलं एकेक ठिकाण उघडं पडत होतं, माणसं लाजत होती, आणि दोघांची जागा एकच निघाली तेव्हा सगळे पोट धरून हसले. फक्त भोंगा आपला बोया घेऊन तसाच उभा होता.

"तुमची कुठे?" बाईंनी विचारलं.

"माझी होती," भोंगा म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच शेजारच्या होडीपर्यंत पोचला नाही. "तिथे आता सोंड उभी आहे."

संध्याकाळी सून घरी गेली तेव्हा तांडेल उंबऱ्यावर बसला होता. त्याला सगळं आधीच कळलं होतं. त्यानं तिच्याकडे बघितलंही नाही, पाणीही मागितलं नाही, जेवलाही नाही. सासू म्हणाली, "असू दे." पण सुनेला ते लागलंच. शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मात्र तो सगळ्यांच्या आधी होडीत जाऊन बसला. सून आली, जाळं चढवलं, निघाली. खडकाच्या आसपास पाणी अजून निळं होतं. सोंड लांबून, वळसा घालून दुसरीकडे निघाली होती. पण त्यांच्या बोयाशेजारी होडी उभी होती. भोंग्याची.

तांडेलाच्या कपाळाची शीर फुगली. "आला! बघ, आला! एक रात्र नाही धीर धरवला."

भोंग्यानं त्यांना बघितलं आणि मान खाली घातली. त्याचे हात चालूच होते. त्यानं होडी खडकाच्या पश्चिमेला घेतली आणि तिथून जाळं सोडायच्या तयारीला लागला. त्याची बायको वल्ह्यावर होती, गाळानं माखलेला पदर खोचून.

तांडेल काठाकडे सरकला. त्याच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते सुनेला स्वच्छ दिसत होतं. आधी आनंद दिसला, अगदी उघडा आनंद.

"पश्चिमेला काय आहे, बाबा?"

"धार आहे. सुरीसारखी. जाळं गेलं की गेलं, परत येत नाही." तो हसला, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. "माझं गेलं होतं. बापानं सांगितलंच नाही. म्हणाला, जाऊ दे एकदा, म्हणजे लक्षात राहील."

"मग गेलेल्या जाळ्याचं काय झालं?"

तांडेलानं खाली पाण्याकडे बघितलं. "खडकावर पडून राहिलं. शेवंडी अडकायच्या त्यात. मरायच्या, कुजायच्या. त्यांना खायला दुसऱ्या यायच्या, त्याही अडकायच्या. दोन मोसम खडक नासला होता."

भोंग्याच्या जाळ्याचं पहिलं टोक पाण्याला टेकलं. तांडेलानं मुठी मांडीवर आपटल्या. उठला, बसला, पुन्हा उठला. होडी डुगडुगली. आणि मग तो काठाला धरून असा ओरडला की लाँचवरही ऐकू गेलं असतं.

"ए भोंग्या! गाढवा! तिकडून नाही! वर घे ते जाळं, आधी वर घे!"

भोंगा दचकला. दोघं नवराबायको घाईघाईनं जाळं ओढू लागली. ते सुटून आलं, पाणी गळत. भोंगा धापा टाकत उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हात पसरले. "मग कुठून सोडू?"

तांडेलानं पूर्वेकडे बघितलं. इतकी वर्षं त्यानं हा प्रश्न टाळण्यासाठी किती डिझेल जाळलं होतं!

"पूर्वेकडून!" तो म्हणाला. आवाज फाटला, तो त्यानं खाकरून साफ केला. "पूर्वेकडून सोड, सपाट आहे. ओहोटी लागू दे आधी, ओढ कमी होते. खडकाला नांगर टाकायचा नाही, लांब चिखलात टाकायचा. आणि हे बघ, शेवंडीच्या पोटाशी अंडी दिसली की तिथल्या तिथे पाण्यात सोडायची. एक जरी टोपलीत सापडली तर तंगडी मोडून हातात देईन!"

"बरं," भोंगा म्हणाला.

"मोठ्यानं बोल!"

"बरं!" भोंगा ओरडला, आणि त्याच्या बायकोनं पदरानं तोंड पुसलं.

तांडेल मटकन खाली बसला. सून त्याच्याकडे बघत होती. कालपासून पहिल्यांदाच म्हाताऱ्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं.

"बघत काय बसलीस?" तो म्हणाला. "सोड आपलं जाळं. त्याच्या आधी पडलं पाहिजे."